जिन्याजवळचा खांब

साइटच्या फाटकातून आत पाऊल पडलं की दोघांचं नातं बदलायचं. फाटकाबाहेर ते सासरे आणि ती सून; ते तिला 'पोरी' म्हणत आणि ती त्यांना 'बाबा'. फाटकाच्या आत मात्र ते मिस्त्री आणि ती मॅडम. हा नियम मिस्त्रींनीच घातला होता, तिच्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी. तिला सुरुवातीला फार अवघड जायचं. रोज सकाळी ज्यांच्या हातून चहाचा कप घ्यायचा, त्यांनाच तासाभराने 'मिस्त्री, ही सळई सरकली आहे' म्हणून सांगायचं म्हणजे जीभच वळायची नाही. पण सहा वर्षांत सवय झाली. आता तर घरी कधी चुकून 'मिस्त्री, भाजी वाढू का?' असं तोंडातून जायचं आणि सासूबाई पदराआड हसायच्या.

तिचं काम गुणवत्ता तपासणीचं. काँक्रीट ओतण्याआधी सळया आणि सेंट्रिंगचा साचा बघायचा, ओतताना शेवटपर्यंत उभं राहायचं, मालाचे ठोकळे भरून प्रयोगशाळेत नेऊन चिरडून बघायचे आणि प्रत्येक गोष्टीसमोर रजिस्टरमध्ये सही करायची. साइटवरच्या लोकांना ती म्हणजे कामात खोडा घालणारी बाई वाटायची. मिस्त्री तसं कुणाला बोलू द्यायचे नाहीत. चाळीस वर्षं त्यांनी खांब आणि स्लॅब भरले होते. ओळंबा न लावता नुसत्या नजरेने ते भिंतीचा कल सांगायचे.

सध्याचं काम शाळेचं होतं. दोन मजले, बारा वर्ग आणि मधोमध रुंद जिना. एका मंगळवारी तळमजल्याचे अकरा खांब भरायला घेतले. आठ खांब झाले तेव्हा प्रयोगशाळेतून फोन आला. दुसऱ्या कामावरचे ठोकळे त्याच दिवशी चिरडायचे होते आणि तिथला माणूस आजारी पडून घरी गेला होता. तिने एकदा उरलेल्या तीन खांबांकडे पाहिलं, एकदा मिस्त्रींकडे. ते फळीवर उभे राहून व्हायब्रेटर चालवणाऱ्याला हाताने खुणा करत होते. हे आहेत म्हटल्यावर काय काळजी, असं तिच्या मनात आलं आणि ती निघाली. संध्याकाळी परतली तेव्हा खांब भरून झाले होते. रजिस्टरमध्ये त्या तिन्हींसमोरही तिने 'व्हायब्रेटर नीट फिरवला' असं लिहिलं आणि सही ठोकली.

गुरुवारी सकाळी सेंट्रिंगचे पाटे निघाले. ती रोजच्यासारखी हातात छोटी हातोडी घेऊन एकेक खांब बघत निघाली. दहा खांब गुळगुळीत होते. अकरावा, जिन्याजवळचा, तोही गुळगुळीत होता. पण पायाशी, साधारण गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत, त्याचा रंग किंचित फिका होता. ओल्या कपड्यावर वाळलेला डाग दिसावा तसा.

मिस्त्री तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. तिने वरच्या बाजूला हातोडी मारली. टण्ण. खाली फिकट भागावर मारली. ठप्प.

"चांगला वाजतोय," मिस्त्री म्हणाले.

तिला वाटलं, ते थट्टा करतायत. तिने पुन्हा वर मारली, पुन्हा खाली. ठप्प आवाज इतका स्पष्ट होता की पलीकडे सळया वाकवणाऱ्या माणसानेही मान वर केली.

"हो की," मिस्त्री म्हणाले. "एकसारखा आहे."

तेव्हा तिच्या लक्षात आलं की ते खांबाकडे बघतच नव्हते. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती काय म्हणते याचा तिथून अंदाज घेत होते. तिने हातोडी खिशात ठेवली. मग काहीतरी शोधायचं निमित्त करून ती त्यांच्या पाठीमागे दोन पावलं गेली आणि साध्या आवाजात म्हणाली, "बाबा, पाणी हवंय का?"

फाटकाच्या आत तिने त्यांना कधीच बाबा म्हटलं नव्हतं. ऐकलं असतं तर ते गर्रकन वळले असते. ते तसेच उभे होते. एका हाताने खांबाची कड चाचपत होते.

ती तशीच मागे फिरली.

आधी तिने व्हायब्रेटर चालवणाऱ्याला गाठलं. तो इतका किडकिडीत होता की सगळे त्याला 'सुतळी' म्हणत. तिने काही विचारायच्या आतच त्याने मान खाली घातली. पाटे काढल्यावर खांबाच्या पायाशी मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसली, असं त्याने सांगितलं. खडी नुसती खडीला टेकून उभी होती, मधे सिमेंटच नव्हतं. मिस्त्री अजून यायचे होते. त्याने घमेलंभर सिमेंट कालवलं आणि थापीने भोकं बुजवून टाकली.

"का पण?" तिने विचारलं.

"त्यांनी मला थापी धरायला शिकवलं, मॅडम," सुतळी म्हणाला. "त्यांची मान खाली जाईल म्हणून. मला वाटलं, वरवरचं असेल."

"त्यांना ऐकू येत नाही, हे तुला माहीत होतं?"

"आम्हा सगळ्यांनाच माहीत आहे," सुतळी म्हणाला. "तुम्हालाच नव्हतं."

जेवणाच्या सुट्टीत मिस्त्री नेहमीच्या जागी, विटांच्या चळतीच्या सावलीत बसले होते. ती त्यांच्या समोर, त्यांना तिचे ओठ दिसतील अशी बसली. डबा उघडला नाही.

"कधीपासून?" तिने विचारलं.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग जिन्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. उगीच 'कसलं कधीपासून?' असं त्यांनी विचारलं नाही.

"दोन वर्षं होतील. आधी डावा गेला. मग उजवाही मंदावला. आयुष्यभर मशीनच्या शेजारी उभं राहिल्यावर आणखी काय होणार?"

"मग सांगितलं का नाही?"

"कुणाला सांगू? मॅडमला सांगितलं तर तिला ते कागदावर लिहावं लागणार. सुनेला सांगितलं तर ती मॅडमपासून लपवणार आणि आतल्या आत कुढणार." ते थांबले. "मिस्त्रीला ऐकू येत नाही म्हटल्यावर तो मिस्त्री कसला, पोरी."

माल नीट बसतोय की नाही हे व्हायब्रेटरच्या आवाजावरून कळतं. हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. व्हायब्रेटरची सुई मालात उतरली की आवाज घोगरा होतो, हवेचे बुडबुडे निघून गेले की सावकाश एकसुरी होतो. तो एकसूर ऐकू आला की सुई वर घ्यायची. दोन वर्षं तो ऐकू येत नसताना ते काम कसं करत होते, हे तिला कळेना.

मिस्त्रींनी उजवा तळहात तिच्यासमोर धरला. "यानं. पाट्यावर हात टेकवून ठेवायचा. माल बसला की थरथर बदलते. एकदा सवय झाली की कानापेक्षा बरं कळतं." मग त्यांनी हात मांडीवर ठेवला. "जिन्याजवळच्या खांबात खाली सळया दाट आहेत. सुई सळयांना लागत असणार. सळया हलल्या की अख्खं सेंट्रिंग हलतं. मला वाटलं, माल बसला. हात फसला."

ती त्यांच्या तळहातावरच्या सिमेंटने खाल्लेल्या रेषांकडे बघत राहिली. रागवायचं ठरवून ती आली होती आणि राग कुठे गेला ते तिला सापडेना. आणि खरं सांगायचं तर त्यांच्यावर रागवायला तिला तोंड तरी कुठे होतं? त्या तीन खांबांसमोर सही तिची होती. ती तिथे असती तर तिने ऐकलं असतं.

"खांब फोडून बघायला लागेल," ती म्हणाली.

"मग फोडा की. त्यात विचारताय काय?" मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी तिचा डबा उघडून तिच्यापुढे सरकवला. "आधी जेवा."

दुपारी ती साइटच्या साहेबांकडे गेली. साहेब वाईट माणूस नव्हता, पण त्याच्यामागे तारखांचा ससेमिरा होता. सोमवारी वरच्या स्लॅबचं सेंट्रिंग सुरू व्हायचं होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळ चोळलं.

"आत पातळ सिमेंट दाबून भरू. भागून जाईल. तुमच्या घरचंच माणूस आहे, जरा सांभाळून घ्या."

"भरायचं की पाडायचं ते आत किती पोकळ आहे यावर ठरेल, साहेब. आधी उघडून बघू."

"आणि पोकळ निघालं तर? अहवालात काय लिहिणार? मिस्त्री बहिरा आहे म्हणून?"

"ते लिहीन," ती म्हणाली. "त्याच्या आधी लिहीन की मी सही करताना तिथे नव्हते."

साहेबाने छिन्नीवाल्याला हाक मारली.

वरचा पापुद्रा दहा मिनिटांत गळून पडला. आतली खडी हाताने उपसता येत होती. तिने त्यात बोट घातलं, मग एक बारीक सळई घातली. ती सळई खांबाच्या दुसऱ्या बाजूने बाहेर आली. या खांबावर जिना टेकणार होता आणि त्या जिन्यावरून शाळा सुटल्यावर दोनशे पोरं धावत उतरणार होती.

मिस्त्री पुढे झाले. त्यांनी वाकून त्या भगदाडात पाहिलं आणि छिन्नीवाल्याच्या हातून हातोडा घेतला. "पाडायचाच आहे ना," ते म्हणाले, "मग सुरुवात मी करतो." तिला त्यांना अडवावंसं वाटलं. सुतळी तर पुढे सरसावलाही होता. पण तिने त्याचा दंड धरला. म्हाताऱ्याने पंधरा-वीस घाव घातले, श्वास लागला तसा हातोडा परत दिला आणि नळावर जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ धूत राहिले.

संध्याकाळी घरी ते लवकर अंथरुणावर पडले. ती स्वयंपाकघरात सासूबाईंजवळ जाऊन बसली. नवरा ट्रक घेऊन आठ दिवस बाहेर होता, त्यामुळे घरात तिघंच.

"तुम्हाला माहीत होतं?" तिने विचारलं.

"त्यांच्याशी बोलण्याआधी मी कोपराला हात लावते, ते पाहिलं नाहीस कधी?"

"पाहिलंय. मला वाटलं..."

"काय वाटलं? प्रेमानं लावते?" सासूबाई म्हणाल्या आणि कांदा चिरता चिरता हसल्या. "तेही आहेच म्हणा." मग त्यांचा आवाज खाली आला. "मला शपथ घातली होती गं. काम सुटलं तर आपण नुसते घरात बसून काय करू, म्हणाले. मी काय बोलणार त्याच्यावर?"

त्या रात्री ती अंथरुणावर पडली, पण झोपेऐवजी आकडे डोक्यात आले. दोन वर्षं. या दोन वर्षांत मिस्त्रींनी आणखी एक इमारत भरली होती. गावाबाहेरचा दवाखाना. तिथेही प्रत्येक खांबापाशी आपण शेवटपर्यंत उभ्या होतो, असं तिला छातीठोकपणे सांगता येईना. तिथे आता पेशंट होते, खाटा होत्या, बाळं जन्माला येत होती. शाळेचा खांब फोडता आला. तिथलं काय?

सकाळी चहाच्या वेळी तिने समोर बसून त्यांना हे सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. त्यांच्याही डोक्यात रात्रभर तेच असणार, हे त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होतं.

"मी येतो," ते म्हणाले.

तिने साहेबाला सांगून दवाखान्याची परवानगी काढली, प्रयोगशाळेतून खांबाची ताकद मोजायचं यंत्र आणलं आणि सुट्टीच्या दिवशी दोघं गेले. जुन्या रजिस्टरवरून तिने चव्वेचाळीस खांबांची यादी केली होती. ती यंत्र टेकवायची, आकडा वाचायची, मग हातोडीने वरपासून खालपर्यंत वाजवून ऐकायची. ते यादीवर पेन्सिलीने खूण करायचे. यंत्राचा आकडा ती बोटांवर दाखवायची. कुठे खाटेखालून वाकावं लागलं, कुठे औषधांचं कपाट सरकवावं लागलं. एका नर्सने विचारलं, आजोबा काय शोधताय? मिस्त्री तिच्या ओठांकडे बघून म्हणाले, "आमचं काम बरोबर आहे का ते बघतोय, बाई. उशिरा बघतोय, पण बघतोय."

तिसाव्या खांबाजवळ ती थांबली. आवाज किंचित वेगळा वाटला. तिने पुन्हा वाजवलं. मिस्त्रींचा चेहरा पांढरा पडला. तिने कान खांबाला लावला, आजूबाजूला ठोकून पाहिलं. मग त्यांच्याकडे वळून हसली.

"प्लास्टर सुटलंय. आतला खांब ठणठणीत आहे."

ते पलीकडच्या बाकावर बसले. तीही जाऊन शेजारी बसली आणि तिने त्यांच्या कोपराला हात लावला. त्यांनी वळून पाहिलं, काही विचारायचंय का म्हणून. तिने नुसती मान हलवली. काही नव्हतं विचारायचं.

उरलेले चौदाही चांगले निघाले. तिथे सळया विरळ होत्या, हात फसला नव्हता.

अहवाल तिने दोन पानी लिहिला. काय घडलं, कसं घडलं, कुठे कुठे तपासलं. तपासणारी व्यक्ती जागेवर नव्हती, हे पहिल्याच ओळीत. यापुढे सळया दाट असतील तिथे लहान सुई वापरायची आणि तपासनीस हजर नसेल तर ओतकाम थांबवायचं, हे शेवटी. मिस्त्रींबद्दल लिहिताना तिचा पेन अडला. तिने ते त्यांनाच वाचून दाखवलं, एकेक शब्द सावकाश, त्यांच्याकडे तोंड करून. 'ऐकण्याची क्षमता कमी झाल्याने' या जागी ते म्हणाले, "सरळ लिही. ऐकू येत नाही."

वरून पत्र आलं. तिला कडक शब्दांत समज मिळाली होती. ती तिने निमूट घेतली. मिस्त्रींना ओतकामावरून काढलं होतं, पण कामावरून नाही. साहेबाने त्यांच्यासाठी शब्द टाकला होता, हे तिला नंतर कळलं.

कानाच्या डॉक्टरकडे न्यायला मात्र तिला पंधरा दिवस मागे लागावं लागलं. कानात यंत्र बसवलं, तर पहिले चार दिवस ते वैतागून गेले. भांडी फार वाजतात, शेजारचा माणूस फार बोलतो, स्वतःचं चावणंसुद्धा ऐकू येतं. पाचव्या दिवशी सासूबाई त्यांना म्हणाल्या, "काढून ठेवा मग." त्यावर ते म्हणाले, "ओरडतेस कशाला? ऐकू येतंय." साइटवरच्या गोंगाटात ते यंत्र फारसं उपयोगी नव्हतं आणि व्हायब्रेटरचा सूर काही त्यातून परत येणार नव्हता. डॉक्टरांनी तसं स्पष्टच सांगितलं होतं. मिस्त्रींनी मान डोलावली होती, बस्स.

जिन्याजवळचा खांब पुन्हा भरला त्या दिवशी ती सकाळपासून जागची हलली नाही. सुतळीने लहान सुई लावली होती. मिस्त्री फळीवर नव्हते. खाली, दहा पावलांवर उभे होते, हात पाठीमागे बांधून. अर्ध्यावर सुतळीने त्यांच्याकडे पाहिलं, सवयीने, खुणेसाठी. मिस्त्रींनी हाताने तिच्याकडे दाखवलं. तिने आवाज ऐकला, घोगरा, मग सावकाश एकसुरी, आणि हात वर केला. सुतळीने सुई वर घेतली. अठ्ठावीस दिवसांनी त्या मालाचे ठोकळे चिरडले तेव्हा हवा होता त्यापेक्षा चांगला आकडा आला. ती तो सांगायला घाईघाईने साइटवर आली, तर मिस्त्री म्हणाले, "बरं," आणि हातातलं काम करत राहिले.

आता त्यांच्याकडे सळया तपासायचं काम होतं. त्याला कान लागत नाहीत. कानामागे पेन्सिल आणि हातात खडू घेऊन ते सकाळभर सळयांच्या जाळीवरून फिरत. सुरुवातीला त्यांना ते हमालीसारखं वाटलं, असं ते एकदा सासूबाईंजवळ बोलले. पण हळूहळू त्यांना त्यात गोडी वाटू लागली. खडूच्या खुणा अक्षरासारख्या रेखीव यायला लागल्या. सुतळी कामातून उसंत काढून त्यांच्यामागून फिरायचा आणि त्यांना विचारत राहायचा.

वरच्या मजल्याच्या स्लॅबच्या दिवशी सकाळी सात वाजता मालाची गाडी फाटकाशी आली. तिचं सगळं बघून झालं होतं. रजिस्टर गुडघ्यावर ठेवून ती सही करणार, तेवढ्यात मिस्त्री जाळीवरून तोल सांभाळत तिच्याकडे आले.

"मॅडम, थांबा. मधल्या तुळईत दोन ठिकाणी सळईखाली टेकूचे ठोकळे नाहीत. सळई पाट्याला टेकली आहे."

"मी पाहिलंय ते सगळं," ती म्हणाली. आवाजात जरा चीड होती. गाडी उभी होती, साहेब घड्याळ बघत होता.

"पाहिलं असेल. मग रात्रीत कुणाचा तरी पाय पडून सरकले असतील. पण आता नाहीत."

तिने पेन खिशात ठेवला, जाळीवर पोटावर पालथी पडली आणि तुळईच्या फटीतून आत पाहिलं. एक ठोकळा निसटून कोपऱ्यात पडला होता, दुसरा दिसतच नव्हता. ती तशीच पडल्या पडल्या म्हणाली, "आहे खरं," मग आठवण होऊन मान वर करून, त्यांना ओठ दिसतील अशी, पुन्हा म्हणाली, "बरोबर आहे तुमचं."

मिस्त्री आधीच खिशातून दोन ठोकळे काढून सुतळीला देत होते. साहेबाने गाडीवाल्याला थांबायची खूण केली.